बुधवारचं न्हाणं

हे कातळातलं टाकं बघा. आज बुधवार, म्हणून काठावर एवढ्या बाया. इतर गावांत भाऊ असलेल्या बाया बुधवारी डोक्यावरून न्हात नाहीत. भावावर संकट येतं, अशी समजूत आहे. आमच्याकडे मात्र मुद्दाम बुधवारीच केस धुतात. हे देवकूपासून सुरू झालं, असं सांगतात.

देवकूचे केस गुडघ्यापर्यंत होते म्हणे. तिला दोन भाऊ, थोरला रखमाजी आणि धाकटा सुभाना. रखमाजीची बायको अडली तेव्हा देवकूनंच तिला सोडवलं. हातांना, केसांना रक्त लागलेलं, म्हणून ती इथं येऊन न्हाली. तो बुधवार होता.

बाळाला चाटवायला मध हवा, म्हणून आईनं रखमाजीला समोरच्या कड्यावर धाडलं होतं. कडा उतरायचा दोर कुजलेला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी दोर तुटला. रखमाजीला उचलून आणलं तेव्हा देवकूचे केस ओलेच होते.

आईनं विचारलं, "आज न्हालीस?"

"वहिनीचं रक्त होतं केसांत. तशीच बसू?"

"बसायचं होतंस! भावाला खाल्लंस तू."

आईनं विळा घेतला आणि तिचे केस मुळापासून कापले. दोराबद्दल कोणी बोललं नाही.

तेव्हा देवकू या काठावर उभी राहून म्हणाली, "सुभाना अजून आहे. आता दर बुधवारी न्हाईन. बघू त्याला काय होतं."

सुभानानं तिला दार बंद केलं. भाऊबीजेलाही बोलावलं नाही. ती टाक्याशेजारी खोपटं बांधून राहिली. दर बुधवारी न्हायची आणि संध्याकाळी उतारावर जाऊन उभी राहायची. सुभाना गुरं घेऊन घरी परतलेला दिसला, की मगच चूल पेटवायची. भीती तिलाही वाटत होती.

सुभानाला काही झालं नाही. लोक म्हणाले, भादरलेल्या डोक्याचा दोष लागत नाही. पुढे केस पुन्हा गुडघ्यापर्यंत वाढले, पांढरे झाले, तरी सुभाना ठणठणीत. देवकू गेली तेव्हा खांदा द्यायलाही तो आला नाही.

त्यानं नव्वदी गाठली. पण समजूत खोटी होती, असं कोणी म्हटलं नाही. बुधवारच्या न्हाण्यानंच त्याला एवढं आयुष्य लाभलं, असं म्हणू लागले.

आजही तेच म्हणतात. गेल्या साली माझा मुलगा घाटात फटफटी घसरून गेला. ही गोष्ट आल्यागेल्याला सांगण्यात माझा जन्म गेलाय. तरी मुलगी सासरहून रडत धावत आली, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हाच, "बाई, तुझा बुधवार चुकला होता का गं?"

ती रडायची थांबली. तेरावं झाल्यावर गेली, ती अजून माहेरी आलेली नाही.