काजळी कोकराला घेईना

वाडा म्हटलं की तुम्हाला दगडी भिंती आठवतील. म्हाळूचा वाडा तसला नव्हे हं. माळावर खुंट्या ठोकून भोवती जाळं ओढलं की झाला वाडा. आत मूठभर मेंढ्या, बाहेर म्हाळू आणि तिचे आबा. बाकीचा कळप रोगाने गेला होता. त्याआधी म्हाळूची आईही गेली होती. मागे राहिलं होतं तिचं हिरवं लुगडं. त्यात अजून आईचा वास होता, चुलीच्या धुराचा, दुधाचा आणि थोडासा घामाचा. ते नाकाशी धरल्याशिवाय म्हाळूला झोप यायची नाही.

एका गारठलेल्या सकाळी काजळी नावाची मेंढी व्याली. कोकरू ओलंचिंब, थरथर कापणारं. म्हाळूला राहवेना. तिने धावत जाऊन त्या चिमुकल्याला आईच्या लुगड्यात गुंडाळलं आणि खसखसून पुसून कोरडं केलं.

तिथेच घात झाला. काजळीने कोकराला हुंगलं आणि ढुशी मारून लोटून दिलं. ते धडपडत पुन्हा गेलं, पुन्हा ढुशी बसली.

"पोरी, तिनं चाटायच्या आदी पुसायचं नसतंय," आबा हळूच म्हणाले. "मेंढी वासानं लेकरू वळखती. ह्याच्या अंगाला आता तुज्या आईचा वास लागलाय."

आबांनी काजळीला धरून कोकराला पाजायला पाहिलं, तर तिने पान्हा चोरला. दुसरी कुणी दुभती नव्हती. दुपारपर्यंत कोकराचं तोंड गार पडलं.

"सांजंपातूर काय ऱ्हात न्हाई ते," आबा म्हणाले आणि पाठ फिरवून बसले.

म्हाळू कोकराला घेऊन बाभळीखाली रडत बसली. तेवढ्यात पिवळ्याधमक फुलांच्या झुबक्यातून एक इवलीशी परी उतरली. तिच्या केशरी पंखांवर सोनेरी परागकण चमचमत होते.

"एक इच्छा माग, बाळे."

"माजी आई आन."

"गेलेलं माणूस मला आणता येत नाही गं."

"मग ह्याच्या अंगावरचा वास घालीव."

"घालवीन. पण नियम ऐक. तो वास सगळीकडूनच जाईल. लुगड्यातून जाईल, तुझ्या आठवणीतूनही जाईल. पुन्हा कधी यायचा नाही."

म्हाळूने लुगड्यात तोंड खुपसलं आणि छातीभरून श्वास घेतला. मांडीवरचं कोकरू थरथरायचं थांबलं होतं. हे चांगलं लक्षण नव्हे, एवढं तिला कळत होतं.

"घालीव," ती म्हणाली.

परीने पंख झटकले. लख्ख पिवळा उजेड पसरला. म्हाळूने लुगडं हुंगलं, तर ते नुसतं कापड होतं. आईचा वास कसा होता, ते तिला काही केल्या आठवेना. मग ती धाय मोकलून रडली, अगदी हमसाहमशी.

काजळी जाळ्यातून वाट काढत आली. तिने कोकराला हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि चाटायला लागली. घशातल्या घशात ती हलकेच घुमत होती. मेंढी अशी घुमते ती फक्त आपल्या लेकराशी. कोकराने सड शोधला आणि त्याची शेपटी हलायला लागली.

मग काजळीने मान वळवली. म्हाळूचे ओले गाल हुंगले, तसंच घुमत ते चाटले, आणि चाटतच राहिली.

"हे काही मी केलेलं नाही हं," परी म्हणाली आणि उजेडात विरून गेली. म्हाळू काजळीच्या गळ्याला मिठी घालून तशीच बसून राहिली.