रस्त्याकडची खिडकी

ही गोष्ट कुणाला सांगू नकोस, असं शिडीने मला बजावलं होतं, तरी सांगते. पुष्कळ दिवसांपूर्वी एका घराला गॅरेज जोडायचं ठरलं. गवंड्याने अंगणात चुन्याच्या रेघांनी भिंती आखल्या आणि तो जेवायला गेला. लगेच अंगणातल्या वस्तूंची बैठक भरली.

शिडीने खुंट्या मागितल्या, पाइपने नळ मागितला. हवेच्या पंपाला रस्त्याकडच्या भिंतीवर लांबलचक फळी हवी होती.

"त्या भिंतीत मला खिडकी हवी," जुनी स्कूटर हळूच म्हणाली.

"खिडकी?" पंप हसला. "मावशी, इंजिन जाऊन सहा वर्षं झाली. आता कुठे निघालात?"

"कुठेच नाही रे. शाळेत शिकवणाऱ्या आपल्या बाईंना घेऊन मी रोज त्या वळणावरून जायचे. ते वळण नुसतं दिसलं तरी पुरे."

पंपाने फळीचा हट्ट सोडला. मग त्याने रस्त्याकडच्या रेघेवर जोरात फुंकर मारली. चुना उडाला.

गवंडी परतला. रेघेतली मोकळी जागा पाहून म्हणाला, "अरेच्चा, इथे खिडकी सोडायची होती वाटतं!"

गॅरेज झालं. स्कूटरला खिडकीशी उभं केलं. संध्याकाळी वळणावरून शाळेच्या मुली हसत आल्या, आणि तिच्या कधीच्या बंद हॉर्नमधून अगदी बारीक 'पीं' ऐकू आलं! आणि मग... थांबा, आई मला हाक मारतेय. आले गं आई, आले!