लवकर येणारा बाद

एका डोंगराळ मुलखात हैबती नावाचा एक तरुण घोडेस्वार राहत होता. त्याच्याकडे साळुंकी नावाची घोडी होती आणि तिच्यापुढे त्याला जगात दुसरं काही दिसत नसे. राजाचा जासूद होऊन दूरदूरचे निरोप पोचवायचे, एवढी एकच इच्छा त्याने उराशी धरली होती.

जासूद निवडला जाई तो लांब पल्ल्याच्या दौडीतून. पण त्या दौडीत कोणालाही उठून उतरता येत नसे. आधी एक चाचणी द्यावी लागे आणि तिचा नियम ऐकून नवखे स्वार पोट धरून हसत. सकाळी गावातून निघायचं, डोंगराला वळसा घालून परत यायचं. मात्र ऊन कलण्याआधी जो वेशीत शिरेल तो बाद. दिवस मावळल्यावर येईल तोही बाद. शिवाय घोड्यांचा वैद्य शेवटी प्रत्येक घोडा तपासून बघे. दोनदा बाद झालेल्याला पुन्हा संधी नव्हती.

आदल्या वर्षी हैबती भर दुपारी, सगळ्यांच्या आधी, छाती फुगवून वेशीत शिरला आणि बाद झाला. तो वैद्याशी कडाकडा भांडला. दुसऱ्या दिवशी साळुंकीने पुढचा पाय टेकवला नाही, दाण्याला तोंड लावलं नाही. तिचा पाय शेकता शेकता हैबतीचा राग उतरला. नियम कोणासाठी केला आहे हे त्याला तेव्हा कळलं.

यंदा तो पुन्हा आला. स्वारांमध्ये बाजोजी नावाचा एक चलाख गडी होता. त्याने सगळ्यांना युक्ती सांगितली. वेशीच्या अलीकडे आमराई आहे, तिथवर घोडा भरधाव सोडायचा आणि ऊन कलेपर्यंत सावलीत ताणून द्यायची. नियमही मोडत नाही आणि दिवसभर उन्हात रखडावंही लागत नाही. युक्ती सगळ्यांना भलतीच पटली. धुरळा उडवत ते दिसेनासे झाले.

खरं सांगायचं तर हैबतीच्या हातातला लगामही क्षणभर सैल झाला होता. पण त्याने तो आवरला. चढ आला की तो खाली उतरून चाले. ओढा लागला की साळुंकीला पोटभर पाणी पाजी, तिच्या छातीवर ओंजळीने पाणी मारी. वाटेतले गुराखी विचारत, घोडी विकायला नेतोस का रे? तो हसून पुढे जाई.

खडकाळ वाटेवर मात्र त्याचा अंदाज चुकला. वेस दिसली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. एक टाच मारली असती तर साळुंकी जीव तोडून धावली असती. पण हैबतीने टाच मारली नाही.

"उशीर झाला तर मी बाद होईन," तो तिच्या मानेवर थोपटत म्हणाला. "तू नाही होणार."

वेशीचे दरवाजे लोटले जात असतानाच दोघं आत आली.

मग तपासणी सुरू झाली. वैद्याने प्रत्येक घोड्याच्या छातीला कान लावला. आमराईत विसावलेल्या घोड्यांचे ठोके शांत होते, साळुंकीचेही होते. बाजोजी मिशीतल्या मिशीत हसला. तेव्हा वैद्याने सांगितलं की आता आपापला घोडा हाताशी धरून पळवून दाखवा. भरधाव पळून एकदम एका जागी उभे राहिलेले ते घोडे, त्यांचे पाय आखडले होते. एकामागून एक घोडा लंगडू लागला. साळुंकी मात्र कान टवकारून अशी दुडकत निघाली की तिच्यासोबत पळताना हैबतीलाच धाप लागली. काय देखणी दिसत होती ती!

बाजोजी चिडला. "आम्ही नियम कुठे मोडला? हा तर सगळ्यांच्या शेवटी आला."

"घोडा इथवर आला हे सगळेच बघतात," वैद्य म्हणाला. "इथून पुढे तो कुठवर जाईल, हे मला बघायचं असतं."

दौडीसाठी त्या दिवशी नाव पुकारलं गेलं ते असं: साळुंकी, आणि तिचा स्वार हैबती.

तात्पर्य: नियम ज्याच्या भल्यासाठी केला आहे त्याची काळजी घेणाराच तो खरा पाळतो, पळवाट काढणारा आपल्याच सोबत्याचा घात करतो.