मुक्या माळावरचं शिंग

पाहुणे, हा कड्याखालचा सपाट तुकडा दिसतोय ना, हाच मुका माळ. इथं हाक मारली तर कडा ती दोनदा परत करतो, आणि तरी ह्याला मुका म्हणतात. कारण जाखाईच्या जत्रेला पालखी इथं टेकली की आमच्या सोंडवलीचा बँड 'डोंगरचाल' वाजवायला घेतो, आणि ऐन रंगात येऊन एकदम थांबतो. क्लॅरिनेट ओठाला तशीच, ढोलाची काठी वरच्या वर. पुढं उभा असलेला शिंगवाला शिंग तोंडाला लावतो, छाती भरून दम घेतो, आणि फुंकत नाही. नवखी माणसं हसतात, चाल विसरले वाटतं म्हणून. तुम्ही हसू नका, एवढंच सांगणं. आणि ते वहीत काय टिपून घेताय? मोजणी खात्याचे तर नाही ना? नाही? मग बसा. राग मानू नका, विचारलेलं बरं असतं. न विचारल्यानं काय होतं, तीच तर इथली गोष्ट आहे.

संस्थानाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट म्हणे. सोंडवलीत केरबा नावाचा माणूस राहायचा. देवीच्या पालखीपुढं शिंग फुंकायचा मान त्याच्या घराण्याचा. जमीन म्हणाल तर चार एकर चार गुंठे, तीही उतारावरची, पाच दगडी ताली घालून पायरी-पायरीनं सपाट केलेली. पण मान असा की त्याचं शिंग वाजल्याशिवाय पालखी देवळाचा उंबरा ओलांडायची नाही. वर्षातून तो एक दिवस केरबा गावात सगळ्यांत उंच असायचा. स्वभावानं मात्र महा संशयी गडी. शेजारणीनं वाटीभर ताक दिलं तरी आधी हुंगून बघायचा.

अशात गावचाच दौलत बावीस वर्षं संस्थानाच्या बँडात नोकरी करून परत आला. अंगात पितळी बटणांचा कोट, काखेत कॉर्नेटची, म्हणजे आखूड पितळी तुतारीची, पेटी. लोक त्याला दौलतमास्तर म्हणू लागले. त्यानं गावातली अकरा माणसं गोळा केली, कुंभार काय, सुतार काय, कुणाच्या हातात क्लॅरिनेट दिली, कुणाच्या गळ्यात ढोल अडकवला, आणि खळ्यात तालीम सुरू केली. वर्षभरात बरे वाजवायला लागले. मग मास्तर म्हणाला, "साहेबाच्या चाली पुरे झाल्या. आता आपल्या डोंगराची चाल बांधतो. घाटाचा चढ, लावणीची शेतं, जाखाईची जत्रा, सगळं त्यात आलं पाहिजे. जत्रेला माळावर वाजवू."

गाव खूश झालं. केरबाच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. पालखीपुढं अकरा जणांचं पितळ वाजणार, मग एकट्या शिंगाला कोण विचारतो? तो घरी येऊन बायकोला म्हणाला, "हौसा, माझा मान काढून घ्यायचा बेत हाय ह्याचा."

"मग त्यालाच विचारा की," हौसा म्हणाली.

"चोर कधी सांगतो का, मी चोर म्हणून?"

झालं! केरबा डोळ्यांत तेल घालून मास्तरावर पाळत ठेवू लागला. आणि बघतो तर काय, मास्तरचं वागणंच वाकडं. रोज दिवस कलताना केरबा देवळापाशी शिंग फुंकायचा. नेमका त्याच वेळी मास्तर देवळासमोरच्या ह्या माळावर यायचा, कड्याकडे तोंड करून पावलं टाकायचा आणि मोजायचा, "एक, दोन, तीन, चार." थांबायचा. पुन्हा चार पावलं मागं. मग खाली बसून कागदावर काहीतरी ओढायचा. कुणी विचारलं तर नुसता हसायचा. बँडातली जुनी सवय त्याची, चाल पुरी झाल्याशिवाय कुणाला काही कळू द्यायचं नाही.

त्याच सुमाराला बातमी फिरत होती की संस्थान ह्या खोऱ्यात तलाव बांधणार आणि खालची सगळी शेतं पाण्यात जाणार. कोण म्हणालं, कुणी ऐकलं, देव जाणे. पण पावलं मोजणारा, संस्थानाचं मीठ खाल्लेला माणूस डोळ्यांसमोर होता. पाणी कुठं मुरतंय ते केरबाला आता स्पष्ट दिसलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी मास्तर नदीवर अंघोळीला गेला. पेटी खळ्यातच होती. केरबानं ती उघडली, कागदांच्या चळतीतलं सगळ्यांत वरचं पान ओढलं, बंडीत घातलं आणि थेट चावडीवर कुलकर्णी आबाजीपंतांकडे गेला. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं.

पंतांनी कागद जवळ धरला, लांब धरला. आडव्या पाच रेघा. रेघांवर काळे ठिपके, काहींना शेपट्या. सुरुवातीला चाराखाली चार.

"केरबा, तुझ्या शेताला ताली किती?"

"पाच."

"ह्या बघ पाच. ठिपके म्हणजे झाडं. शेपटीवाले ते विहिरी असणार. आणि हे चारावर चार. तुझी जमीन किती?"

केरबा कागदावर वाकला. "चार एकर चार गुंठे."

"आणि वर काय लिहिलंय, सांगू? 'केरबा'. तुझंच नाव आहे, बाबा. मोजणीचा नकाशा हा! पहिलं शेत तुझंच जायचं."

केरबा घरी आला तो घामानं निथळत. हौसानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "अहो, पंत काय बँडात होते का कधी? तो कागद मास्तरापुढं धरा आणि म्हणा, हे काय ते दाखव. एवढ्यानं काय जीभ झडणार हाय?"

"तू गप बस. तुला ह्यातलं काय कळतंय?"

देवळात जत्रेचा होम पेटला होता. पंत म्हणाले होते, देवीच्या होमात टाक, म्हणजे नकाशा संस्थानात पोचायचा नाही आणि तुला दोषही लागायचा नाही. केरबानं आपल्या हातानं पान आगीत सोडलं. तेव्हा कुठं त्याला हायसं वाटलं. त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी माळावर आली. नकाशाची बातमी गावभर झालेली, त्यामुळे माणसं तोंडं फिरवून उभी. मास्तरला काही उमगेना, पण त्यानं कॉर्नेट उचलली आणि डोंगरचाल सुरू झाली. आधी घाटाचा चढ आला, दमादमानं, मध्येच थांबून श्वास घेणारा. बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या, "अगं, ही तर आपली नागमोडी वाट!" मग चिखलात पाय रोवून लावणीच्या ओळी आल्या. मग ढोलांनी जत्रा आणली. फिरवलेली तोंडं वळली. केरबा शिंग घट्ट धरून उभा होता. चाल गोड होती, म्हणून तो जास्तच जळत होता.

तेवढ्यात मास्तरनं हात वर केला आणि सगळा बँड थांबला. तो कागदांत काहीतरी शोधत होता. चळत पुन्हा पुन्हा चाळली. मग मान वर करून म्हणाला, "केरबादादा, पुढं ये. आता तुझं."

"माझं काय?"

"तुझं शिंग! चालीचा गाभा तेच हाय. तू फुंकायचं, मग थांबायचं, थांबशील तेवढ्यात कडा वाजवील. कड्याला उलटं बोलायला किती वेळ लागतो, ते मी पावलांवर मोजून, पाच रेघांवर सुरांचे ठिपके मांडून लिहिलंय. सगळ्यांत वर ठेवलेलं पान, तुझं नाव घातलेलं. इथंच होतं, कुठं गेलं कळंना. राहू दे, मी बोटानं दाखवतो, तू फुंक."

केरबानं शिंग तोंडाला लावलं. छाती भरून दम घेतला. पण होमात सोडलेलं पान डोळ्यांपुढं आलं आणि फुंकर काही बाहेर पडेना. सगळं गाव बघत होतं. मास्तरचं बोट हवेत उठत होतं, पडत होतं, आणि माळावर कसलाच आवाज नव्हता. पान जेवढं होतं तेवढा वेळ तसाच गेला. मग मास्तरनं मुकाट्यानं पुढची चाल उचलली.

पालखी परतल्यावर केरबानं त्याचे पाय धरले. "मी जाळलं रं, मास्तर. माझ्या हातानं जाळलं. मला वाटलं, माझं शेत जातंय, माझा मान जातोय."

मास्तरनं त्याला धरून उठवलं. मग एवढंच विचारलं, "कशात जाळलंस?"

"देवीच्या होमात."

"मग ते देवीचं झालं. होमात गेलेलं परत मागायचं नसतं, दादा. मी पुन्हा लिहिणार नाही."

"मग ती जागा?"

"रिकामी राहील. पण तिथं तूच उभं राहायचं. आणि पुढच्या साली माझे कागद आधी चावडीवर बघ. बघ, आणि विचार."

तलाव काही कधी झाला नाही. तलावाची नुसती आवई होती.

आजही जत्रेच्या आदल्या दिवशी बँडवाले आपले सगळे कागद चावडीवर मांडतात. केरबाच्या घराण्यातला माणूस एकेक कागद उलटसुलट करून बघतो आणि सगळ्यांसमोर म्हणतो, "हे काय हाय, मास्तर? वाजवून दाखवा." मग ते तेवढं वाजवून दाखवतात. आणि दुसऱ्या दिवशी माळावर तोच माणूस शिंग तोंडाला लावून उभा राहतो.

शिंग सध्या आमच्या घरात आहे. सत्तावीस जत्रा झाल्या माझ्या. दम भरला की फुंकावंसं फार वाटतं हो, छाती दुखते. तो दम तसाच सोडून द्यायचा असतो.

हं. आता ती वही इकडं करा बघू. काय लिहिलंत ते वाचून दाखवा.