राजानं दगड पेरला

पाय पांघरुणात घ्या आधी. हं. आणि तू गं, मधे मधे विचारायचं नाही, सांगून ठेवते.

सगळ्या गोष्टींत आधी राजा असतो. आपल्या गोष्टीत आधी होता एक डोंगर. राजा येईल मागनं, त्याला काय घाई!

डोंगराच्या पायथ्याशी गोंडांचं एक छोटंसं गाव. घरं मोजून वीस. पावसाळ्यात कणग्या रिकाम्या झाल्या की डोंगरच गावाला जेवू घालायचा. बायका टोकदार काठ्या घेऊन वर जायच्या नि रानातले कंद खणून आणायच्या. पण त्यांची एक रीत होती, बरं का. कंद काढला की त्याचं डोकं कापून परत त्याच खड्ड्यात ठेवायचं, वर माती लोटायची. म्हणजे पुढच्या वर्षी तिथंच नवा कंद. सगळाच घरी नेला, तर पुढच्या वर्षी हात हलवत परत!

गावाचा वडीलधारा, म्हणजे भूमिया, होता कोटू. त्याची सून जुरी. कंद शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण सासऱ्यासमोर ती तोंड उघडायची नाही. तशी पद्धतच होती तेव्हा.

मग एकदा काय झालं, राजाला नवा महाल बांधायचा होता. त्याला या डोंगराचा काळा दगड आवडला. त्यानं निरोप धाडला, "डोंगर द्या, घरटी एक रेशमी पागोटं घ्या."

गावाचा नियम असा की, मोठं काही ठरवायचं तर अख्ख्या गावाला विचारायचं. मग पुरुष मोहाच्या झाडाखाली जमले. बायका होत्या रानात. कुणीतरी म्हणालं, "त्यांना काय विचारायचं?" झालं! पागोट्यांच्या नादात सगळे हो म्हणून बसले, पागोटी घेऊनही टाकली. शहाणे कुठले!

संध्याकाळी जुरीला कळलं. तिनं पाठीवरच्या लेकीला पुढं घेतलं. डोंगर गेला तर भादव्यात हिला काय खाऊ घालू? तिला रडूच आलं. पण सासऱ्यासमोर कसं बोलणार?

पहिल्या दिवशी राजाची माणसं पहारी घेऊन आली. खड्डा खणावा, तर तो आपोआप बुजायचा. दुसऱ्या दिवशी हत्ती आणले. हत्ती दिवसभर चढले, चढले, नि संध्याकाळी बघतात तर पायथ्याशीच उभे! तिसऱ्या दिवशी राजा स्वतः आला. त्यानं पहार उचलली नि डोंगर बोलला. हो, बोलला. हसू नका.

"राजा, अख्खं गाव हो म्हणालं तरच मी जाईन. अर्ध्या गावाला तर कुणी विचारलंच नाही."

मग बायकांना बोलावलं. एरवी त्या सभेत मागं बसायच्या, झाडाआड. जुरी पुढं आली.

"मामंजी, मी बोलू?"

कोटूनं मान खाली घातली. "बोल बाई. आमचंच चुकलं."

मग जुरी राजाला म्हणाली, "न्या दगड, महाराज. पण आमच्या रीतीनं न्या. एक दगड काढा, त्याचं डोकं खड्ड्यात पुरा. पुढच्या वर्षी तिथं दगड उगवला, तर अख्खा डोंगर तुमचा."

"एवढंच ना?" राजा खूश! त्यानं दगड काढला. या वेळी खड्डा बुजला नाही हं. मग दगडाचं डोकं पुरलं, वर माती लोटली नि शेजारी तंबू ठोकला. रोज उठून आपल्या हातानं पाणी घालायचा. राजा झाला म्हणून काय, अक्कल थोडीच मुकुटाबरोबर येते!

मग पाऊस आला. नदीला पूर आला, वाट बंद झाली, राजाचं धान्य संपलं. जुरीनं त्याच्यापुढं भाजलेला कंद ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला. सगळा पावसाळा राजा कंद खाऊन राहिला.

वर्ष फिरलं. पुन्हा पाऊस आला. दगडाला काही कोंब फुटेना. पलीकडं मात्र हिरवे वेल सरसर चढले.

राजानं विचारलं, "हे काय गं?"

"तुम्ही खाल्लेले कंद, महाराज. त्यांची डोकी पुरली होती."

राजानं वेलांकडं बघितलं, स्वतः पेरलेल्या दगडाकडं बघितलं. मग म्हणाला, "हरलो बाई. डोंगर तुमचा. तुम्हीच सांभाळा." नि गेला जुन्या महालात राहायला.

त्या दिवशी कोटूनं जुरीला आपल्या शेजारी बसवलं, सभेतल्या भूमियाच्या मानाच्या दगडावर. तेव्हापासून त्या गावात बायका आल्याशिवाय सभाच बसत नाही.

पागोट्यांचं काय झालं? विचारलंसच ना! अगं, ती राजानं परत मागितलीच नाहीत. नि सभेत आया बोलणार, मग लेकरं कुठं ठेवणार? मोहाच्या फांद्यांना त्या पागोट्यांच्या झोळ्या बांधल्या. वीस रेशमी झोळ्या! खाली आया डोंगराचं ठरवतायत, वर लेकरं गाढ झोपलीयत. ती त्यांच्या झोळीत सुखी, तुम्ही तुमच्या गोधडीत. मिटा डोळे.