पहिल्या कप्प्याचा मान

फार जुनी गोष्ट नाही. नदीकाठच्या एका संगणकात एक अ‍ॅरे राहायचा. अ‍ॅरे म्हणजे कप्प्यांची लांब रांग, एका कप्प्यात एकच आकडा. कुणाला कुठं बसवायचं ते काटा, म्हणजे कप्प्याकडं बोट दाखवणारा दर्शक, ठरवी. सगळे बसले की सर्वांत मोठा आकडा पाहिला जाई; तो धोक्याचा असला, तर गावाचा भोंगा वाजे.

त्या दिवशी नदी चढत होती. वरच्या तीन घाटांवरून पाण्याच्या उंचीचे आकडे घेऊन तीन फाइली आल्या. पहिलीतला चौदा हा धोक्याचा आकडा. तो पहिल्याच कप्प्यात बसला.

दुसरी फाइल येताच काटा पुन्हा पहिल्या कप्प्याकडं धावला.

"अरे, तिथं आधीचे बसलेत," अ‍ॅरे कळवळला. "मागं जागा रिकामी आहे. इथून उठवलेला आकडा पुसला जातो."

"नव्या पाहुण्याला मागं बसवू? आमच्यात तशी रीत नाही," म्हणत काट्यानं चौदाला उठवलं.

तिसऱ्या फाइलीलाही तोच मान मिळाला.

शेवटी अ‍ॅरेनं उरलेले आकडे चाचपले. सर्वांत मोठा निघाला नऊ. भोंगा गप्प राहिला.

"कुणाच्या मानपानात कमी पडलो नाही," काटा समाधानानं म्हणाला.

खाली गावात पाणी पहिल्या घराचा उंबरा ओलांडत होतं.