बांधाखालचं बिऱ्हाड

पूर्वी कुसावतीत सुसीम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नदीकाठच्या एका गावात शेतकऱ्याच्या घरी जन्मला होता. गावाची वरची आळी टेकाडावर, खालची बांधाच्या आडोशाला. गावाचा प्रमुख, ग्रामणी भद्रक, टेकाडावर राहायचा. बांधाची डागडुजी हे त्याचं काम. ते तो करायचा नाही.

दर पावसाळ्यात बांध फुटायचा. मग भद्रक धावत यायचा. छातीभर पाण्यात उतरायचा, म्हाताऱ्यांना खांद्यावर घ्यायचा, गरम पेज वाढायचा, रडणाऱ्यांबरोबर रडायचा. खोटं रडत नव्हता, तेवढं सांगून टाकतो. ज्याला वाचवलं त्यानं वाचवणाऱ्याच्या मनगटाला दोरा बांधायचा, अशी तिथली रीत. निवडीच्या दिवशी लोक दोऱ्यांनी भरलेलं ते मनगट बघायचे आणि पुन्हा त्यालाच निवडायचे.

खालच्या आळीतल्या सोमा म्हातारीचा नातू गेल्या पुरात वाहून गेला. यंदा सुनेच्या पाळण्यात दुसरा आला होता. निवडीआधी बोधिसत्त्व तिच्याकडे गेला.

"आजी, यंदा कुणाला?"

"विचारतोस काय? भद्रकाला."

"आणि बांध?"

"बांध, बांध! माझ्या नातवाचं प्रेत त्यानं शोधून आणलं. माझ्या गळ्यात पडून रडला. तू कुठे होतास?"

"बांधावर माती टाकत होतो."

"ती काय मला दिसली?"

म्हातारी मूर्ख नव्हती. भद्रकाला दोष द्यायचा, तर त्याला आपणच निवडला हेही आलं. नातवाच्या मरणात आपलाही हात होता, हे कुठल्या आजीला सोसेल?

तरुण मंडळी बोधिसत्त्वाला म्हणाली, "तूच ग्रामणी हो." तो झाला नाही. भद्रकच पुन्हा निवडला गेला, तेव्हा भर सभेत हात जोडून एवढंच म्हणाला, "भद्रक आपल्या घरचा माणूस. मग तो लांब टेकाडावर का? पावसाळाभर त्यानं बायकापोरांसह आपल्यात, बांधाखाली राहावं."

सोमाच आधी ओरडली, "माझ्या शेजारची झोपडी रिकामी आहे! ये रे बाळा, पेज मी घालीन!"

सगळे हसले, टाळ्या पडल्या. भद्रकाचं तोंड उतरलं. पण एवढे दोरे मनगटाला असताना नाही कसं म्हणणार?

पहिलं आभाळ भरून आलं, तेव्हा भद्रकानं झोपलेल्या आपल्या पोरांकडे पाहिलं, मग बांधाकडे. उजाडताच पाटी-फावडं घेऊन तो सगळ्यांच्या पुढे होता. कुठे माती खचली होती ते बोधिसत्त्वानं दाखवलं.

पूर आला, बांधावर आदळला आणि ओसरला. पाळणा कोरडा राहिला. रीतीप्रमाणे सोमा दोरा घेऊन भद्रकाकडे गेली. त्यानं हात मागे घेतला.

"मला नको, आजी. हे मी आधीच करायला हवं होतं."

म्हातारी बांधावर चढली, तिथल्या करंजाला दोरा बांधला आणि पहिल्या नातवाचं नाव घेऊन रडली. भद्रक बांधाखालीच, मान खाली घालून उभा होता. पुढच्या साली ती झोपडी त्यानं आपण होऊन मागितली.

भिक्षेची वाटणी दर वेळी चुकवूनही ज्याला संघ पुन्हा त्याच कामावर बसवत होता, त्या भिक्षूसमोर, भरल्या संघात, शास्त्यांनी म्हणजे बुद्धांनी ही कथा सांगितली आणि म्हणाले, "तेव्हाचा भद्रक तो हा. बांधावर माती टाकणारा मी. आणि सोमा? सोमा तुम्ही सगळे." माणसांना न हिणवता शहाणं करणं, ही प्रज्ञा.